दाखल दिनांक

आषाढ लागून आठ-दहा दिवस झाले होते, आणि लोणावळ्याच्या बाजूने एकामागून एक येणाऱ्या सरींनी वडगाव मावळची बाजारपेठ दिवस मावळण्याआधीच सामसूम करून टाकली होती. अशा एका संध्याकाळी ग्रामदैवत पोटोबाच्या देवळात पाऊस उघडण्याची वाट पाहत आम्ही तिघे बसलो होतो, आणि तेथे जे बोलणे झाले ते मला इतके मोलाचे वाटले की, घरी जाऊन त्याच रात्री त्याचे टाचण करून ठेवल्यावाचून मला राहवले नाही.

तिघांपैकी भाऊसाहेब हे महसूल खात्यात कारकून म्हणून रुजू होऊन अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. जमाबंदीचे, पीकपाण्याचे आणि फेरफारांचे कागद तपासण्यात त्यांची हयात गेली, आणि ज्या कामाचा हिशेब देता येत नाही ते काम झालेच नाही असे मानण्याची जी सवय त्या कचेरीत माणसाला लागते ती त्यांना पुरेपूर लागलेली आहे. दुसऱ्या बाई. त्यांची पहिली नेमणूक कान्हे फाट्यावरून टाकव्याच्याही पलीकडे, आंदर मावळातल्या एका द्विशिक्षकी शाळेवर झाली, आणि तेहतीस वर्षांनंतर केंद्रप्रमुख म्हणून त्या निवृत्त झाल्या. तालुक्यातील निम्म्या घरांत त्यांच्या हाताखाली शिकलेले कोणी ना कोणी सापडते. तिसरा मी. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बाराखडी गिरवली तिच्यावरून मी रोज जातो-येतो, आणि माझी मुलगी मात्र पिवळ्या बसने तळेगावच्या इंग्रजी शाळेत जाते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या बोलण्याशी त्याचा संबंध आहे.

विषयाला तोंड भाऊसाहेबांनी फोडले. "बाई, चौकात एका खाजगी शाळेचा फलक लागला आहे. शिष्यवृत्तीला आलेल्या मुलांची छायाचित्रे ओळीने लावली आहेत. आपल्या शाळेचा असा फलक कधी लागायचा? शिक्षकांचा पगार सरकार देते, बालभारतीची पुस्तके फुकट मिळतात, दुपारचा पोषण आहार शाळेतच शिजतो. एवढे सगळे असून पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा सरळ वाचता येत नसेल, तर रयतेच्या पैशाचा जाब कोणी द्यायचा? जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच मांडले होते, की शेतकऱ्याच्या घामातून वसूल झालेला पैसा कोणाच्या विद्येवर खर्च होतो ते पाहा. तोच प्रश्न आज मी विचारला तर माझे चुकले कोठे?"

"चुकले काहीच नाही," बाई म्हणाल्या, "पण जोतीरावांचा प्रश्न तुम्ही अर्धाच सांगितलात. शाळेच्या आत कोण बसले आहे आणि दाराबाहेर कोण राहिले आहे, ते आधी मोजा, असेही ते सांगत होते. तुम्ही निकालाचा तक्ता पाहिलात. त्याच शाळेचे जनरल रजिस्टर कधी उघडून पाहिलेत?"

प्राथमिक शाळेच्या दप्तरात हे एक जाड पुस्तक असते. मुलाचे नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, दाखल दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक आणि सोडण्याचे कारण अशा रकान्यांतून गावाच्या पिढ्यांमागून पिढ्यांची नोंद त्यात होत आलेली असते, आणि जन्मभर जपून ठेवावा लागणारा शाळेचा दाखला याच पुस्तकातून उतरवून दिला जातो. बाई सांगत होत्या की, त्यांच्या नोकरीच्या आरंभी जन्मस्थळाच्या रकान्यात मावळाबाहेरचे गाव क्वचितच दिसे. पुढे तळेगाव आणि चाकणच्या औद्योगिक वसाहती वाढल्या, द्रुतगती मार्ग झाला, डोंगरउताराच्या जमिनी बंगल्यांसाठी विकल्या गेल्या, आणि त्याच रकान्यात मराठवाडा, विदर्भ, उत्तर कर्नाटक, बिहार येथील गावांची नावे येऊ लागली. ज्यांच्या आजोबांची सही जुन्या पानांवर पालक म्हणून आहे त्यांची नातवंडे पिवळ्या बसमध्ये बसली, आणि त्यांनी रिकाम्या केलेल्या जागी चाळीत भाड्याने राहणाऱ्या कामगारांची, बांधकामावरच्या मजुरांची आणि कातकरी वस्त्यांवरची मुले येऊन बसली. "इमारत तीच, घंटा तीच," बाई म्हणाल्या, "पण पट पार बदलला. निकाल मात्र असा वाचतात, की जणू पूर्वीचीच मुले आता मठ्ठ झाली आणि पूर्वीचेच गुरुजी आळशी झाले."

"गरिबी तेव्हाही होती, बाई," भाऊसाहेब म्हणाले. "भाताच्या लावणीला महिनाभर न येणारी मुले माझ्याही वर्गात होती. घरी दिवा नसे, पायांत वहाण नसे. तरी गुरुजींनी आमचे पाढे सोडले नाहीत."

"लावणीचा महिना संपला की ती मुले परत येत होती, आणि त्याच गावात येत होती. मी तुम्हाला एकच मुलगी सांगते." बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि थोड्या खालच्या आवाजात सांगायला सुरुवात केली. "कातकरी वस्तीवरची होती. जूनमध्ये यायची, दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले की त्यांच्याबरोबर जायची, आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. घरी तिची बोली निराळी, पुस्तकातली मराठी निराळी. वजाबाकीला फळ्यापुढे उभी केली की हातच्यापाशी अडायची. बेचाळीसातून सतरा वजा कर म्हटले, तर दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातूनच दोन काढून पस्तीस लिहायची. एक दिवस मी खडू खाली ठेवला आणि विचारले, भट्टीवर बेचाळीस विटा थापल्या आणि अवकाळी सरीने सतरा मोडल्या, तर किती राहिल्या? ती क्षणभर छपराकडे बघत राहिली, बोटे फ्रॉकच्या घडीत हलली, आणि म्हणाली, पंचवीस. कशा गं काढल्यास? तर म्हणे, आधी दहा मोडल्या, मग दोन, मग पाच. म्हणजे हातचा तिच्या डोक्यात होता, भाऊसाहेब, फळ्यावर नव्हता. तो डोक्यातून फळ्यावर उतरवायला मला चार-सहा महिने सलग हवे होते, आणि माझ्या हातात दिवाळीपर्यंतचे दिवस होते. उन्हाळ्यातल्या चाचणीच्या तक्त्यात तिच्या नावापुढे काही नव्हते, आणि पुढल्या वर्षी ती वरच्या वर्गातली अप्रगत मुलगी झाली."

मला येथे कायद्यातील एक गोष्ट आठवली. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मूल वर्षात केव्हाही आले तरी त्याला दाखल करून घ्यावे लागते, आणि वयाला शोभेल त्या वर्गात बसवावे लागते. दहा वर्षांचे, कधीही शाळा न पाहिलेले मूल डिसेंबरात आले तर तेही पाचवीतच बसणार, आणि मोजणीत पाचवीचेच धरले जाणार. ही तरतूद मला सर्वथा न्याय्य वाटते. मात्र जी शाळा ती प्रामाणिकपणे पाळते तिचाच सरासरी निकाल त्यामुळे खाली येतो, आणि ही किंमत तक्ता वाचणाऱ्याला कोठेही दिसत नाही.

भाऊसाहेब हे ऐकून गप्प बसणारे नव्हते, आणि त्यांनी जे उत्तर दिले ते माझ्या मते त्या संध्याकाळचे सर्वांत वजनदार उत्तर होते. "तुमच्या त्या मुलीसाठी मलाही वाईट वाटते. पण मला सांगा, डहाणूकडे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काय केले? आदिवासींची मुले गुरांमागे रानात जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे त्यांना दिसले. तेव्हा त्यांनी निकालाखाली शेरा मारून कागद बंद केला नाही. शाळाच उचलून कुरणात नेली, आणि तिला कुरणशाळा म्हटले. पुढे ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. पटावर कोण आहे ही माहिती त्यांना आडोसा म्हणून नको होती, कामाला हात कोठून घालायचा ते कळण्यासाठी हवी होती. शेजारच्या खेड तालुक्यातले जालिंदरनगर घ्या. पट घसरून बंद पडण्याच्या बेतात आलेली ती जिल्हा परिषदेची शाळा २०२५ साली जगातील उत्तम शाळांच्या पारितोषिकांत लोकपसंतीची ठरली. जिल्हा तोच, पगार तोच, पुस्तके तीच. मग आमच्याच तालुक्यात परिस्थितीचे पाढे का म्हणता?"

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. पन्हाळीचे पाणी फरसावर पडत होते तेवढाच आवाज. मग त्या म्हणाल्या, "याला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि खोटे उत्तर मी देणार नाही. केंद्रप्रमुख म्हणून मी शाळा तपासायला जाई तेव्हा एक वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकू येई: 'मॅडम, आमच्याकडे मुलेच असली आहेत.' जेथे हे वाक्य ऐकू येई तेथे मुले खरोखरच मागे असत, आणि डोंगरापलीकडच्या शाळेत तशाच वस्तीवरची, तशाच घरातली मुले घडाघडा वाचताना मी पाहिली आहेत. 'असली मुले' हा शब्द गुरुजींच्या तोंडी बसला की मुलांच्या कानांवर तो पडतोच. मी स्वतःही पहिल्या दोन वर्षांत तो वापरला असेल." थोडे थांबून त्यांनी जोडले, "मात्र एक ध्यानात ठेवा. शाळेचा लौकिक झाला की लांबलांबचे जाणते पालक तेथे येऊ लागतात, आणि मग तिचाही पट बदलतो. तेव्हा लौकिकानंतरच्या निकालापेक्षा लौकिकाच्या आधी तेथे काय केले गेले, तेच शिकण्यासारखे असते."

"म्हणजे निकाल पाहायचाच नाही?"

"पाहायचा. पण नुसत्या निकालावर हिशेब बांधला की काय होते तेही पाहायचे. विलायतेत १८६२ साली असा नियम केला होता, की शाळेला अनुदान द्यायचे ते मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, गणित यांतला परीक्षेचा निकाल मोजून. इन्स्पेक्टर यायचा, मुलागणिक खूण करायचा, आणि त्या खुणांवर शाळेचे पैसे ठरायचे. त्यातून काय निपजले? मुलांनी वाचनमाला तोंडपाठ केल्या. पुस्तक उलटे धरले तरी मुले वाचून दाखवीत, अशा हकिकती तेव्हापासून सांगतात. एकोणिसावे शतक सरता सरता ती पद्धत मोडीत काढावी लागली. आपल्याकडेही २०११ साली राज्यभर पटपडताळणी करण्याची वेळ आली, ती कागदावरच्या आकड्याला पैसा जोडला गेला म्हणूनच ना?"

भाऊसाहेबांना हे लागले असावे. "हिशेब नको म्हणणारा कारभार मी पाहिलेला नाही," ते म्हणाले.

"मग हिशेब तुमच्याच खात्याचा घ्या," बाई म्हणाल्या. "इंद्रायणीकाठचे भाताचे खाचर आणि डोंगरावरची वरकस जमीन, दोन्हींवर एकच सारा बसवता का? इंग्रजी अंमलाच्या आरंभी या पुणे जिल्ह्यात प्रिंगलची जी आकारणी झाली ती डोईजड होऊन रयत गाव सोडून गेली, आणि मग १८३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांना इंदापुरापासून नव्याने मोजणी करावी लागली, तेव्हा आधी जमिनीची प्रतवारी झाली आणि मगच आकार बसला. जमिनीला जो न्याय तुम्ही दिलात तो मुलांना द्यायला का कचरता?"

भाऊसाहेब हसले नाहीत. उलट अधिकच गंभीर झाले. "प्रतवारीचे काम मी आयुष्यभर पाहिले आहे, म्हणून त्यातला धोकाही मला ठाऊक आहे. एक तर प्रत हलकी लागली म्हणून सारा माफ होत नाही, कमी होतो. आणि दुसरे असे, की मुळात एकदा बसवलेली प्रत तीस तीस वर्षे हलत नसे. शेतकऱ्याने बांध घातला, विहीर पाडली, तरी कागदावर जमीन वरकसच. मुलांच्या नावापुढे अशी प्रत लिहिलीत, हा कातकऱ्याचा, हा परप्रांतीयाचा, याच्याकडून इतकेच अपेक्षित, तर त्या कागदाने ते मूल कायमचे बांधले जाईल. मघाशी तुम्हीच म्हणालात ना, 'असली मुले' म्हणून? तेच वाक्य मग सरकारी शिक्क्यानिशी तक्त्यात येईल."

दोघांनी एकमेकांच्या बाजूचे जे खरे ते एकमेकांना सांगून टाकले होते, आणि मी वाचलेली एक हकिकत सांगायला हीच वेळ योग्य वाटली. आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षे, १८० खेड्यांत एक प्रयोग झाला. ज्यांना मूल खाजगी शाळेत घालायचे होते अशा सरकारी शाळांतल्या पालकांचे अर्ज घेऊन सोडत काढली, आणि सोडतीत नाव निघालेल्या मुलांची खाजगी शाळेची फी भरली. सोडत असल्याने दोन्हीकडची घरे सारखीच होती. फरक उरला तो शाळेचा. चार वर्षांनी तेलुगू आणि गणित यांत खाजगी शाळेत गेलेली मुले इतरांच्या पुढे नव्हती. हिंदीत मात्र, जी सरकारी शाळेत जवळजवळ शिकवलीच जात नव्हती, ती मुले स्पष्टपणे पुढे होती. "म्हणजे चौकातला फलक," बाई म्हणाल्या, "पुष्कळसा घराचा फलक आहे." मी सांगितले की हकिकत एवढ्यावर संपत नाही, त्या खाजगी शाळांना दर मुलामागे येणारा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. "म्हणजे माझा जाबही उभाच आहे," भाऊसाहेब म्हणाले, आणि ते बरोबरच होते.

आता मी स्वतःबद्दल लिहितो. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी सुमारे चार हजार शाळांतील सहा लाखांवर मुलांची पाहणी करून जो अहवाल दिला, त्यात इमारत आणि साधने यांपेक्षा घरच्या परिस्थितीचा मुलाच्या अभ्यासाशी अधिक संबंध दिसतो असे आढळले. आणि त्याखालोखाल वजन होते ते शेजारच्या बाकावर कोण बसले आहे याला. योगायोगाने त्याच वर्षी आपल्याकडे कोठारी आयोगाचा अहवाल आला. त्याचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक, आणि परिसरातील सर्व थरांची मुले एकाच शाळेत शिकावीत, असा त्या अहवालाचा आग्रह होता. तो आग्रह कागदावरच राहिला. माझी मुलगी पिवळ्या बसमध्ये चढते तेव्हा ती एकटीच जाते असे मी समजत होतो. पण तिच्याबरोबर त्या शाळेतून मीही गेलो. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर पंचायत समितीत जाऊन अर्ज देणारा, छप्पर गळले तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तीनदा खेटे घालणारा पालक त्या समितीत आता कोठून यायचा? कारखान्यात बारा तास उभा राहणारा, भाषा न जाणणारा बाप ते करू शकत नाही, आणि भट्टीवर गेलेली आई तर गावातच नसते. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा महाराष्ट्रात सुमारे १५,००० होत्या, त्या बंद करून समूहशाळा कराव्यात असा विचार २०२३ साली पुढे आला, तेव्हा तो पट कोणी कमी केला हे विचारण्याचा माझ्यासारख्यांना फारसा अधिकार उरलेला नव्हता. मुलीला परत आणीन असे वचन मी येथे देत नाही, कारण ते पाळण्याइतका धीर आज माझ्यात नाही. पण फलक वाचून त्या शाळेला नावे ठेवण्याचे मी त्या दिवसापासून सोडले आहे.

पाऊस ओसरत आला तेव्हा भाऊसाहेबांनी खिशातला कागद काढून गुडघ्यावर ठेवला आणि त्यावर उभ्या रेघा ओढल्या. त्यांचे म्हणणे असे होते: निकालाच्या तक्त्यात जात, धर्म, प्रांत काही नको, प्रतवारी नको, फक्त तीन रकाने वाढवा. मूल शाळेत कोणत्या दिनांकास दाखल झाले; त्या दिवशी त्याला काय येत होते, अक्षरे, शब्द, परिच्छेद की गोष्ट; आणि वर्षात ते प्रत्यक्ष किती दिवस हजर होते. प्रथम संस्थेचे लोक २००५ पासून खेडोपाडी घरोघर जाऊन मुलांचे वाचन याच पायऱ्यांनी मोजत आले आहेत, तेव्हा यात शिक्षकाला अवघड असे काही नाही. एका मुलामागे पाच मिनिटे पुरतात. मग जे मूल दोनशे दिवस हजर राहूनही अक्षरांवरच थांबले त्याचा जाब शाळेने द्यावा, आणि जे नव्वद दिवसच हजर राहिले त्याचा जाब शाळेबरोबरच भट्टीमालकाने, तालुक्याच्या कचेरीने आणि आपण सर्वांनी द्यावा.

बाईंनी कागद हातात घेऊन चष्मा वर केला आणि निरखून पाहिला. "चौथा रकाना घाला," त्या म्हणाल्या. "परत केव्हा आले. माझी ती मुलगी दर वर्षी परत येत होती. ते कोठेच लिहिले गेले नाही." भाऊसाहेबांनी चौथी रेघ ओढली.

तो कागद आज माझ्यापाशी आहे, आणि हा लेख लिहिण्याचे कारणही तोच आहे. वाचकांपैकी ज्यांची मुले गावच्या शाळेत आहेत त्यांनी, आणि ज्यांची नाहीत त्यांनी तर अधिकच, या वर्षी एकदा आपल्या शाळेत जावे, मुख्याध्यापकांना भेटावे, आणि निकाल विचारण्याआधी, मुलांची नावे झाकूनच, दाखल दिनांकाचा रकाना दाखवा अशी विनंती करावी.